प्रकल्प नोंदी: दाभोळ खाडीतल्या मासेमारीसाठी पूरमदत निधीचा आराखडा (एप्रिल ते जुलै 2025)

7 एप्रिल 2025

कामाची हद्द ठरवली. वाशिष्ठी नदीच्या काठाने गोवळकोटपासून खाली कालुस्ते, मालदोली, करंबवणे, मग धोपावे, दाभोळ, वेलदूर, अंजनवेल. जगबुडी नदीच्या बाजूने बहिरवली. वरच्या गावांत वल्ह्याच्या आणि छोट्या इंजिनाच्या होड्या आहेत. पाग (हाताने फेकायचं जाळं) टाकणारे, खाडीत जाळी लावणारे आणि ओहोटीला तिसऱ्या-कालवं (शिंपल्यातली मासळी) काढणाऱ्या बायकाही याच गावांत. मुखाशी समुद्रात जाणाऱ्या नौका. पुराचा मार दोन्हीकडे वेगळा बसतो, म्हणून एकच यादी करून भागणार नाही.

आराखडा पूर येण्याआधी करायचा. 22 जुलै 2021 ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीला पूर आला तेव्हा वरून मुसळधार पाऊस होता, कोयना प्रकल्पाचं अवजल (वीज तयार झाल्यावर सोडलेलं पाणी) कोळकेवाडीतून याच नदीत येतं, आणि पौर्णिमा एक-दोन दिवसांवर असल्याने खाडीला उधाण होतं. बाजारपेठेचं नुकसान सगळ्या राज्याने पाहिलं. खाडीतल्या होड्यांकडे लक्ष जायला वेळ लागला. पूर ओसरल्यावर होडी कोणाची, जाळं किती, इंजिन चालू होतं का, हे सिद्ध करायचे कागद त्याच पुरात भिजलेले असतात.

म्हणून कामाचा क्रम असा: आधी मदतीचे दर आणि अटी, मग होडीनिहाय पत्रक, मग निकष, मग निधीचे थर.

9 एप्रिल

केंद्राचे निकष (राज्य आपत्ती प्रतिसाद निधी, 2022-23 ते 2025-26) काढून समोर ठेवले. मच्छीमारांसाठी ओळी मोजक्याच आहेत:

होडीची अंशतः हानी, दुरुस्तीसाठी 6,000 रुपये.
होडी पूर्ण नष्ट, 15,000 रुपये.
जाळ्याची अंशतः हानी, 3,000 रुपये.
जाळं पूर्ण नष्ट, 4,000 रुपये.
मत्स्यबीज केंद्राला निविष्ठा अनुदान, हेक्टरी 10,000 रुपये.
मत्स्यतळ्यातला गाळ काढणं व दुरुस्ती, हेक्टरी 18,000 रुपये (हे शेतजमिनीच्या हानीच्या सदरात येतं, मच्छीमारांच्या सदरात नाही).

2015 ते 2020 च्या निकषांत हेच आकडे 4,100, 9,600, 2,100 आणि 2,600 होते. वाढ झाली आहे, पण पंधरा हजारांत होडी येत नाही हे खाडीतल्या कोणालाही सांगावं लागत नाही. ही मदत म्हणजे भरपाई नव्हे, तातडीचा हातभार आहे. आराखड्याच्या पहिल्या पानावर हे ठळक लिहायचं, नाहीतर गावात अपेक्षा एक आणि तहसीलात हिशेब दुसरा असं होतं.

या ओळींमध्ये काय नाही तेही लिहून काढलं: इंजिन (वेगळं नाही, होडीच्या दुरुस्तीतच धरलं जातं), बर्फ, डिझेल, सुकवलेली मासळी, बुडालेले मासेमारीचे दिवस, खलाशांची मजुरी, तिसऱ्या-कालवांच्या जागा. म्हणजे हा निधी लाकडाचा आणि सुताचा खर्च मोजतो, धंदा बुडाल्याचा नाही. या दोघांतलं अंतर कोणत्या पैशाने भरायचं, हेच या आराखड्याचं खरं काम आहे.

11 एप्रिल

निकषातली कंसातली अट पुन्हा वाचली. याच आपत्तीसाठी दुसऱ्या शासकीय योजनेतून अनुदान मिळालं असेल, किंवा मिळण्यास लाभार्थी पात्र असेल, तर ही मदत देता येत नाही. दुसरा अर्धा भाग त्रासाचा आहे. एखाद्याचा केंद्राच्या मत्स्यसंपदा योजनेत होडी बदलीचा अर्ज आधीच पडलेला असेल, तर पंचनाम्याच्या वेळी त्याला "तुम्हाला तिकडून मिळणारच आहे" असं सांगून बाजूला काढलं जाऊ शकतं. योजनेचा अर्ज आपत्तीशी संबंधित नाही, पूर येण्याआधीचा आहे, हे दाखवायला अर्जाची तारीख आणि पोचपावती लागते. पत्रकात त्यासाठी वेगळा रकाना.

16 एप्रिल

होडी पत्रकाचा नमुना पक्का केला. एक होडी, एक पान, दोन्ही बाजू.

पुढची बाजू: नोंदणी क्रमांक (नौका नोंदणीच्या रिअलक्राफ्ट पोर्टलवर दिसतो तसाच, एक अक्षर इकडे-तिकडे नको), मासेमारी परवान्याची मुदत, लांबी, साहित्य (लाकूड की फायबर), इंजिनाची कंपनी, अश्वशक्ती व अनुक्रमांक, मालकाचं आधारवरचं नाव, मच्छीमार सोसायटीचा सभासद क्रमांक, आधारशी जोडलेलं बँक खातं, होडीवर कर्ज असल्यास बँक.

मागची बाजू: जाळ्यांची यादी (प्रकार, आसाचं म्हणजे जाळ्याच्या भोकाचं माप, अंदाजे वजन, खरेदीचं वर्ष), कायम खलाशांची नावं, आणि होडीचे चार फोटो. नाळेकडून (पुढच्या टोकाकडून) एक, दोन्ही अंगांनी एकेक, आणि चौथा इंजिनाच्या पाटीचा, अनुक्रमांक वाचता येईल असा. पहिल्या तीन फोटोंत होडीवर रंगवलेला क्रमांक दिसलाच पाहिजे. फोटो ठिकाण व तारीख उमटवणाऱ्या कॅमेऱ्याने काढायचे.

नाव जुळत नाही, ही सर्वांत मोठी अडचण असणार. परवान्यावर वडिलांचं नाव, होडी चालवतो मुलगा, खातं सुनेचं. मालक मयत असेल तर वारस नोंद मे संपायच्या आत घातली पाहिजे. पुरानंतर वारसाचा वाद निघाला की ती होडी यादीत "प्रलंबित" म्हणून राहते, आणि मार्चअखेर निधी समर्पित झाला की प्रलंबित नावांचे पैसेही परत जातात.

23 एप्रिल

काल राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषी समकक्ष दर्जा देण्याचा निर्णय घेतला. वीजदर, कर्ज, विमा यांत सवलती मिळतील. चांगली गोष्ट आहे, आणि तिची मागणी जुनी होती.

पण गावात आजच विचारणा सुरू झाली की आता पुराची मदतही शेतीसारखी हेक्टरी मिळणार का. तसं नाही. आपत्ती मदतीचे दर केंद्राच्या निकषांवरून ठरतात, त्यात होडी व जाळ्याच्या ओळी आहेत तशाच आहेत. या निर्णयाचा फायदा आपल्याला निधीच्या तिसऱ्या थरात, म्हणजे कर्ज आणि विम्यात धरायचा.

30 एप्रिल

वरच्या गावांतल्या बिननोंदणीच्या होड्या. निकषात होडी, डोणी, तराफा असे शब्द आहेत, इंजिन हवंच असं कुठे नाही. पण पंचनाम्याला मालकीचा पुरावा लागतो आणि लहान होड्यांवर नंबरच नसतो.

ठरलं ते असं. नोंदणीचा अर्ज आता करायचा आणि पोचपावती पत्रकाला जोडायची. नंबर येईपर्यंत सोसायटीने आपला तात्पुरता अनुक्रमांक होडीच्या दोन्ही अंगांना पांढऱ्या रंगात घालायचा, अक्षरं लांबून वाचता येतील एवढी. ग्रामपंचायतीच्या दाखल्यात होडीची लांबी, रंग आणि तो अनुक्रमांक लिहून घ्यायचा. "सदर इसमाकडे होडी आहे" एवढाच दाखला असेल तर त्याच्यावर दोन होड्यांचे दावे होऊ शकतात आणि मग खराही दावा अडकतो.

6 मे

"पूर्ण नष्ट" आणि "अंशतः" यांच्यात रेषा कुठे ओढायची? निकषांत व्याख्या नाही. फरक 9,000 रुपयांचा, आणि गावोगावी पंचनामा करणारे वेगवेगळे, म्हणून एकसारखी कसोटी हवी. नावा बांधणाऱ्या सुतारांशी आणि फायबरचं काम करणाऱ्यांशी बसून ही कसोटी लिहिली:

लाकडी होडी पूर्ण नष्ट समजावी जर पठाण (तळाचा मुख्य लांब दांडा) मोडला असेल किंवा नाळेपासून निसटला असेल, किंवा एका अंगाच्या निम्म्याहून जास्त फळ्या आतल्या सांगाड्यापासून सुटल्या असतील. तळाच्या दोन-चार फळ्या फुटणं म्हणजे अंशतः, भोक कितीही मोठं दिसो.

फायबर होडी पूर्ण नष्ट समजावी जर तळ आरपार चिरला असून चीर एका अंगाकडून दुसऱ्या अंगाकडे गेली असेल, किंवा कडेचा काठ आणि तळ दोन्ही ठिकाणी तुटले असतील. वरवरचे ओरखडे आणि एका जागचं भोक अंशतः. फायबरचा एक धोका डोळ्यांना दिसत नाही: आत भरलेला फोम पाणी पितो. होडी जड झाली असेल, उचलताना एक बाजू खाली जात असेल, तर टोच्याने छोटं भोक पाडून पाणी निथळतं का पाहायचं आणि तसं पंचनाम्यात लिहायचं.

वाहून गेलेली होडी सापडली नाही तर तीही पूर्ण नष्टच. पण त्यासाठी बेपत्ता असल्याची लेखी खबर पोलीस ठाण्यात आणि मत्स्यव्यवसाय कार्यालयात, दोन्हीकडे, लगेच द्यायला हवी. आठवड्याने दिलेल्या खबरीवर प्रश्न विचारले जातात. होडी खाली मुखाशी किंवा दुसऱ्या तालुक्याच्या काठाला लागलेली असू शकते, म्हणून दाभोळ आणि गुहागर बाजूच्या सोसायट्यांनी सापडलेल्या होड्यांची यादी रोज एकमेकांना पाठवायची.

ही कसोटी आमची, शासनाची नव्हे. तहसील आणि मत्स्यव्यवसाय कार्यालयाला सूचना म्हणून द्यायची. मान्य झाली तर पंचनाम्याच्या नमुन्याला जोडपत्र होईल.

9 मे

जाळी. जाळं कशाला म्हणायचं, जोडून लावलेल्या सगळ्या तुकड्यांचं मिळून एक, की प्रत्येक तुकडा वेगळा? पंचनाम्यात संख्या मागतात, आणि एकाच गावात एकाने 1 लिहिलं, शेजाऱ्याने 14 लिहिलं तर दोघांचेही दावे संशयात येतात. सोयीचा तोडगा: पत्रकात दोन्ही लिहायचं, "एक संच, इतके तुकडे, अंदाजे इतके किलो". मागणी संचावर करायची.

पुरानंतरचं जाळं चिखलाने जड होतं आणि त्यात फांद्या, प्लॅस्टिक, पत्रे अडकतात. धुऊन पसरल्याशिवाय किती वाचलं ते कळत नाही. पण धुवायच्या आधीचा फोटो हवाच. क्रम: जसं सापडलं तसा फोटो, मग धुणं, मग बांबूवर पसरून दुसरा फोटो.

15 मे

इंजिनासाठी वेगळी ओळ नाही हे 9 एप्रिलला लिहिलं आहे. तरी इंजिन वाचवणं आणि त्याच्या हानीचा कागद करणं दोन्ही आवश्यक, कारण राज्याकडे वाढीव मागणी करताना हाच कागद कामाला येतो. बुडालेल्या डिझेल इंजिनासाठी एक पानी सूचना लिहिल्या, गावात लावायला:

पाणी गेलेलं इंजिन सुरू करून पाहायचं नाही, हॅण्डलही मारायचं नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि जे काम सफाई आणि तेलबदलीत निभावलं असतं ते नव्या इंजिनावर जातं. आधी फोटो, पाण्याची खूण खडूने आखून. मग बॅटरी सोडायची. नोझल काढून फ्लायव्हील हाताने फिरवायचं, पाणी बाहेर येईल. चेंबरमधलं तेल काढायचं. पांढुरकं, दह्यासारखं दिसलं तर पाणी मिसळलेलं आहे. डिझेलची टाकी आणि फिल्टर रिकामे करायचे, फिल्टर नवा घालायचा. स्वस्त तेल भरून थोडा वेळ चालवायचं, ते काढून टाकायचं, पुन्हा भरायचं. स्टार्टर आणि डायनामो उघडून वाळवल्याशिवाय जोडायचे नाहीत. खाडीचं पाणी खारं असल्यामुळे दोन दिवसांत आतून गंज धरतो, त्यामुळे पंचनाम्याची वाट पाहत इंजिन तसंच ठेवायचं नाही.

इथे मच्छीमार कात्रीत सापडतो: दुरुस्त केलं तर "नुकसान कुठे आहे" असं विचारतात, नाही केलं तर इंजिन जातं. तोडगा म्हणून मेकॅनिकचा लेखी शेरा घ्यायचा: इंजिनाचा अनुक्रमांक, काय सापडलं, काय बदललं, सही आणि तारीख. बदललेले भाग पिशवीत घालून पंचनाम्यापर्यंत ठेवायचे.

21 मे

निधीचे थर मांडले.

पहिला थर, आपत्ती प्रतिसाद निधी. यात केंद्राचा वाटा 75 टक्के, राज्याचा 25. लेखाशीर्ष 2245. लवकर मिळू शकणारा पैसा हाच.

दुसरा थर, राज्याच्या स्वतःच्या तिजोरीतली वाढीव मदत. 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळानंतर राज्याने होडीच्या अंशतः हानीला 10,000, पूर्ण नष्ट होडीला 25,000 आणि जाळ्यांना 5,000 रुपये दिले होते. केंद्राच्या दरापेक्षा जास्तीचा भाग राज्य सोसतं, त्यामुळे दर वेळी स्वतंत्र शासन निर्णय लागतो.

तिसरा थर, बँक आणि विमा. बँकांच्या जिल्हा सल्लागार समितीची बैठक लवकर बोलवायला सांगणं, किसान क्रेडिट कार्डाच्या कर्जाचं पुनर्गठन. मत्स्यसंपदा योजनेतला अपघात विमा मृत्यूला 5 लाख देतो, पण तो माणसाचा, होडीचा नाही. होडीचा विमा वेगळा काढावा लागतो.

चौथा थर, उभारणीचा. मत्स्यसंपदा योजनेतून नवी होडी (सर्वसाधारण गटाला 40 टक्के, महिला व अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के अनुदान), जेट्टी व सुकवणीच्या ओट्यांसाठी जिल्हा नियोजन समिती. हा पैसा वर्षभराने येतो, म्हणून पुनर्वसनाच्या तातडीच्या आकड्यात धरायचा नाही.

हिशेब समजावण्यासाठी एक कल्पित गाव घेतलं, 12 होड्या पूर्ण नष्ट, 30 अंशतः. जाळी 25 पूर्ण, 35 अंशतः. पहिल्या थरात 1,80,000 + 1,80,000 + 1,00,000 + 1,05,000, एकूण 5,65,000 रुपये. 2021 च्या वाढीव दराने हेच 9,00,000 होतात. म्हणजे राज्यावर जास्तीचा भार 3,35,000. एका गावासाठी ही रक्कम मोठी नाही, आणि प्रस्तावात ती अशी सुटी करून दाखवली की निर्णय घेणाऱ्याला सोपं जातं. एकूण आकडा फुगवून पाठवला की फाईल शंका काढून परत येते.

25 मे

अरबी समुद्रातला कमी दाबाचा पट्टा तीव्र होऊन काल रत्नागिरी ते दापोलीच्या दरम्यान किनाऱ्यावर आला. मासेमारी बंदी 1 जूनपासून. म्हणजे शेवटच्या आठवड्याचा धंदा गेला, आणि शाकारणी (पावसाळ्यासाठी होडी वर घेऊन झाकणं) व्हायची आहे तोवर होड्या पाण्यात किंवा उघड्यावर. खाडीत आत आणलेल्या होड्या एकमेकींना बांधून ठेवल्यात. दोराला ढील पुरेशी हवी. घट्ट बांधलेली होडी भरतीबरोबर वर येऊ शकत नाही आणि पाणी कडेवरून आत शिरतं.

27 मे

मान्सून काल मुंबईत पोचला, 1950 पासूनच्या नोंदींत सर्वांत लवकर.

बुडालेल्या दिवसांचं काय, हा प्रश्न सगळीकडून येतोय. आपत्ती निधीत मासेमारीच्या बुडालेल्या दिवसांना जागा नाही. पण उदाहरण आहे: 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये क्यार आणि महा या चक्रीवादळांमुळे नौका समुद्रात जाऊ शकल्या नाहीत, आणि 2020 मध्ये राज्याने सुमारे 65 कोटींचं विशेष पॅकेज जाहीर केलं. घर किंवा होडी मोडलेली नसताना, केवळ धंदा बुडाला म्हणून दिलेली ती मदत होती. दुसऱ्या थराच्या प्रस्तावात हा दाखला घालायचा. सोबत पुरावा हवा: हवामान खात्याचे इशारे तारखेनिहाय, समुद्रात जाऊ नये ही मत्स्यव्यवसाय विभागाची सूचना, आणि सोसायटीच्या डिझेल वहीत त्या दिवसांच्या कोऱ्या नोंदी. डिझेल परताव्यासाठी ठेवलेली ही वही म्हणजे नौका एरवी नियमित चालत होती याचा सर्वांत भक्कम पुरावा आहे. तिची झेरॉक्स दर महिन्याला गावाबाहेर, उंचावरच्या घरात ठेवायची.

2 जून

30 मे चा शासन निर्णय वाचला. शेतीपिकांच्या हानीसाठी जानेवारी 2024 पासून असलेले वाढीव दर रद्द, पुन्हा 27 मार्च 2023 च्या निर्णयातले दर लागू. मच्छीमारांच्या ओळींवर थेट परिणाम नाही. आराखड्यावर मात्र आहे: दुसरा थर गृहीत धरून कुठलंही काम आखायचं नाही. गावाला सांगायचा आकडा पहिल्या थराचा. वाढीव मदत आली तर ती वरची.

5 जून

सल्ल्यासाठी अमेरिकेतल्या 2019 च्या प्रकरणाचे कागद वाचले. मिसिसिपी नदीला पूर आला, न्यू ऑर्लिन्स वाचवण्यासाठी बॉने कॅरे सांडवा एकाच वर्षात दोनदा उघडावा लागला (असं पहिल्यांदाच घडलं), गोडं पाणी किनाऱ्यालगतच्या खाऱ्या पाण्यात पसरलं आणि कालवांच्या पट्ट्यांचा प्रचंड नाश झाला. सप्टेंबर 2019 मध्ये केंद्रीय वाणिज्य खात्याने लुइझियाना, मिसिसिपी आणि अलाबामा या राज्यांसाठी मत्स्यव्यवसाय आपत्ती जाहीर केली.

आपल्या कामाचा भाग असा की तिथला निकष होडीवर नाही, उत्पन्नावर आहे. मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी तुलना करतात. घट 35 टक्क्यांच्या आत असेल तर दावा उभा राहत नाही, 80 टक्क्यांच्या वर असेल तर आपत्ती धरूनच चालतात. यामुळे ज्याची होडी शाबूत आहे पण मासळीच नाही, त्यालाही मदत पोचते. दुसरी बाजूही आहे. पैसा यायला एक ते अनेक वर्षं लागतात, आणि ज्याने विक्रीच्या पावत्या ठेवल्या नाहीत तो बाहेर राहतो. आपली पद्धत कमी देते पण तिला मागच्या पाच वर्षांच्या पावत्या लागत नाहीत.

आपल्या खाडीत नेमकी हीच हानी होते, आणि कोणी मोजत नाही. पुराचं गोडं पाणी बरेच दिवस राहिलं की तिसऱ्या आणि कालवं शिंपले मिटून धरतात, नंतर मरतात. वरून गाळ बसला तर जागाच जाते. त्यावर जगणाऱ्या बायकांच्या नावावर ना होडी, ना जाळं, ना परवाना.

12 जून

तिसऱ्या-कालवांची आधाररेषा, म्हणजे पुराआधीची स्थिती. करंबवणे, मालदोली आणि धोपाव्याकडच्या जागा निवडल्या. पद्धत साधी ठेवली, कारण ती गावातल्या बायकांनाच चालवायची आहे.

एक मीटर बाय एक मीटरची पाइपची चौकट. ओहोटीला प्रत्येक जागी पाच ठिकाणी टाकायची. आतले जिवंत आणि रिकामे शिंपले वेगळे मोजायचे, जिवंतांचं वजन करायचं. पाण्याचा खारेपणा हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरने, भरतीला आणि ओहोटीला, दोन्ही वेळा. तारीख, तिथी, जागेचा नकाशा-बिंदू. महिन्यातून एकदा, आणि पूर आल्यास पाणी उतरल्यावर लगेच, मग पंधरा दिवसांनी. पुराच्या दुसऱ्या दिवशी मोजलं तर सगळं जिवंतच दिसतं. मर नंतर लागते. म्हणून पंधरा दिवसांची मोजणी चुकवायची नाही.

रिफ्रॅक्टोमीटर दर वेळी शुद्ध पाण्याने शून्यावर आणायचा. काच पुसायला कपडा सुती, वाळूचा कण राहिला तर ओरखडा पडतो.

सोबत या बायकांची राष्ट्रीय मत्स्य डिजिटल मंचावर नोंदणी आणि शक्य तिथे सोसायटीचं सभासदत्व. 2021 च्या पुरानंतर राज्याने टपरीधारकांनाही कमाल 10,000 रुपयांची मदत दिली होती, पण बाजारात पाटी घेऊन बसणारी बाई टपरीधारक ठरायला ग्रामपंचायत किंवा नगरपरिषदेची बाजार पावती लागते. रोजच्या पावत्या फेकू नका, डब्यात ठेवा, एवढंच सांगितलं तरी खूप.

18 जून

बंदीच्या काळातला पूर. 1 जून ते 31 जुलै या 61 दिवसांत यांत्रिकी नौका बंद असतात, आणि वाशिष्ठीचे मोठे पूर नेमके याच दिवसांत येतात. "मासेमारी बंद होती, मग नुकसान कसलं" हा प्रश्न हमखास येतो. उत्तर पत्रकाच्या पहिल्या ओळीतच छापलं: बंदीत होड्या खाडीत आत येऊन उभ्या असतात, जाळी काठावरच्या खोपटांत असतात, त्यामुळे नदीच्या पुराची झळ बंदीतच जास्त बसते. शिवाय वल्ह्याची, बिगरयांत्रिकी मासेमारी बंदीत येत नाही, ती खाडीत चालूच असते.

आणखी एक. 20 जुलैच्या पुरात मोडलेली होडी नारळी पौर्णिमेपर्यंत दुरुस्त झाली नाही तर हंगामाची सुरुवात हुकते, आणि सुरुवातीचेच दिवस कमाईचे असतात. त्यामुळे दुरुस्तीचा पैसा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पोचणं हे नुसतं सोयीचं नाही. दहा हजार डिसेंबरमध्ये मिळण्यापेक्षा सहा हजार ऑगस्टमध्ये मिळालेले त्या घराला जास्त उपयोगाचे.

24 जून

पाणी उतरल्यापासूनचं वेळापत्रक ठरलं.

पहिले 24 तास: माणसं, मग इंजिनं. फोटो. बेपत्ता होड्यांची खबर.
दुसरा ते चौथा दिवस: संयुक्त पंचनामा. ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि मत्स्यव्यवसाय विभागाचा परवाना अधिकारी एकत्र यायला हवेत. वेगवेगळे आले तर तीन याद्या होतात आणि त्या जुळवण्यात महिना जातो. परवाना अधिकारी थोडे, गावं अनेक, म्हणून गावांचा क्रम आधीच लावून दिला: वरची गावं आधी, कारण पाणी तिथे आधी चढतं आणि कागद तिथे कमी आहेत.
पाचवा-सहावा दिवस: यादीचं चावडीवर वाचन, हरकती तिथेच लिहून घेणं. वगळलेल्या नावांची यादी कारणासह लावायची, फक्त पात्र नावांची नाही.
सातवा ते दहावा: तहसीलात यादी, खातं आधारशी जोडलेलं आहे का याची पडताळणी.

उधाणाच्या तारखा भिंतीवर लावल्या: 25 जून, 10 जुलै, 24 जुलै, 9 ऑगस्ट, आणि प्रत्येकीनंतरचे दोन-तीन दिवस. त्या दिवसांत मोठा पाऊस असेल तर जाळी आधीच वर न्यायची.

3 जुलै

पत्रकं तालुकानिहाय बांधली: दापोली, गुहागर, चिपळूण, खेड. खाडी एक असली तरी तहसील चार आहेत, आणि पंचनाम्याची कसोटी चौघांकडे सारखी हवी. एकीकडे अंशतः आणि पलीकडच्या काठावर तशीच होडी पूर्ण नष्ट, असं झालं तर दोन्ही गावं हरकत घेतात.

कसोटीचं जोडपत्र, इंजिनाची सूचना आणि पंचनाम्याचा नमुना चारही ठिकाणी दिला. एका कार्यालयात इंजिनाचा रकाना नको म्हणाले, निकषात नाही म्हणून. तो रकाना "शेरा" या नावाने ठेवला. माहिती तीच येईल.

राहिलेलं काम: बिननोंदणीच्या होड्यांचे अर्ज अजून पोर्टलवर अडकलेत, बहिरवलीकडच्या काही खात्यांना आधार जोडलेलं नाही, आणि सप्टेंबरमध्ये खाऱ्या पाण्याच्या मोजणीचे आकडे घेऊन राज्याकडे तिसऱ्या-कालवांसाठी स्वतंत्र ओळ मागायची आहे. सध्याच्या निकषांची मुदत मार्च 2026 पर्यंत आहे. नवे दर ठरण्याच्या आत आकडे राज्याच्या टेबलावर गेले तर त्या मागणीला वजन येईल, म्हणून ऑगस्टची मोजणी पावसातही करायची, ओहोटी पहाटे असली तरी.